सीटखालची चार भोकं

मित्रांनो, दोन दारांची, दोन सीटांची आणि जमिनीला पोट टेकवून धावणारी मी एक जुनी स्पोर्ट्स कार. वय बावन्न. या वयात माणसाला बढती मिळते किंवा मधुमेह होतो. माझ्या वाट्याला तज्ज्ञ आले.

ज्या कामगाराने कारखान्यात माझी सीट बसवली तो सहा फुटी होता, आणि सगळं जग आपल्याएवढंच उंच आहे असा त्याचा समज होता. पुढे दोन मालकांच्या हातून मी या घरात आले. मला विकत घेण्याची हौस बाबांची. पण पहिल्याच आठवड्यात कळलं की वेग जरा वाढला की ते डोळेच मिटून घेतात. मग आई चालवायला बसली. ती शाळेत गणित शिकवायची. उंची जेमतेम पाच फूट. क्लचवर तिचा पाय पोचेना.

तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी बाबांनी ड्रिल आणलं, माझ्या तळाच्या पत्र्याला चार नवी भोकं पाडली आणि सीट चार बोटं पुढे घेतली. मोडक्या टेबलाच्या पायाचा ठोकळा कापून क्लचवर बसवला. त्यानंतर तीस वर्षं आईने मला पळवलं. बाबा शेजारी डोळे गच्च मिटून बसायचे.

"वळण आलं का?" ते विचारायचे.

"गेलंसुद्धा," आई म्हणायची.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझा जड क्लच तिला दाबेना. मी गॅरेजमध्ये चादरीखाली गेले. हळूहळू माझ्या बॉनेटवर रद्दी आली, रद्दीवर मोडका पंखा आला. रागावणार कोणावर? घरातलं टेबल झाले होते मी.

मग एके दिवशी दोन्ही मुलं माझा निकाल लावायला जमली.

"इंजिन काढून बॅटरी बसवू," धाकटी म्हणाली. "क्लचची कटकटच नको. आई चालवेल."

"बाबांच्या गाडीचा मिक्सर करणार तू?" थोरला म्हणाला.

"आणि तू काय, काचेच्या कपाटात ठेवणार?"

"आहे तशी जपणार!"

आईला कोणी विचारलं नाही. तिनेच विचारलं, "चहा किती जणांना?"

मित्रांनो, तेव्हापासून मला चैन नव्हतं. बॅटरी आली तर माझा आवाज जाणार, नाही आली तर स्टिअरिंगवरची आई जाणार. काय मागावं तेच कळेना.

थोरल्याचा आवाज मोठा, म्हणून तो जिंकला. जुन्या गाड्यांना गुण आणि प्रमाणपत्र देणारे तज्ज्ञ त्याने आणले; ते टॉर्च घेऊन माझ्याखाली शिरले. "चार भोकं, कारखान्याची नव्हेत. सहा गुण वजा. हा ठोकळा? कचरा. सगळं मूळ स्वरूपात आणा, शंभरात ब्याण्णव मिळतील."

आईच्या विषयात थोरल्याला जन्मात ब्याण्णव मिळाले नव्हते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

थोरल्याने बोलावलेल्या मिस्त्रींनी वेल्डिंग करून भोकं बुजवली, घासली, रंगवली. सीट पुन्हा त्या सहा फुटी माणसाच्या मापावर गेली. मी लखलखले. तीस वर्षांचा आजार बरा झाल्यासारखे सगळे माझ्याकडे बघत होते.

प्रमाणपत्राच्या आदल्या दिवशी थोरल्याने आईला हाताला धरून आणलं. "बस, आई. बघ, अगदी होती तशी केली."

आई बसली. स्टिअरिंगवर तिचे हात आपोआप नेहमीच्या जागी गेले. डाव्या पायाने क्लच शोधला. पाय हवेतच राहिला. मागे आला, पुन्हा गेला, पुन्हा हवेतच.

"कोणाची रे ही गाडी?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मिस्त्रींनी हत्यारांच्या पेटीतून ठोकळा काढला. "टाकवला नाही मला."

थोरल्याने तो उलटसुलट केला. एका बाजूला खळगा पडला होता, आईच्या चवड्याएवढा. बराच वेळ तो त्यावर अंगठा फिरवत राहिला.

"मिस्त्री, भोकं नेमकी कुठे होती?"

"माप कोण घेतंय साहेब? बुजवायचीच होती ना."

धाकटीने गुडघे टेकून टॉर्च मारला. पत्रा आरशासारखा गुळगुळीत.

"जुनं माप कशाला शोधता?" आई म्हणाली. "तेव्हा गुडघा वाकायचा. आता मी उंचीलाही दोन बोटं कमी झालेय. बसलेय ना? आत्ताचं घ्या."

मिस्त्रींनी सीटचे बोल्ट सोडले, ठोकळा क्लचवर चढवला. दोघा भावंडांनी आईसकट सीट पुढे ढकलली. "अजून... अजून जरा... बास!" धाकटीने खडूने खूण केली. इंजिन तसंच ठेवून क्लच हलका करणारा एक पंप बसवता येतो, असं मिस्त्री म्हणाले.

"त्याचे किती गुण जातील?" थोरल्याने सवयीने विचारलं, आणि स्वतःच ओशाळला.

आता सीट बाहेर काढली आहे. आई दाराशी स्टुलावर बसली आहे आणि थोरल्याच्या हातात ड्रिल आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? हे सगळं करूनही तिचा गुडघा साथ देईल की नाही, कोणाला ठाऊक! मित्रांनो, जुन्या गाड्या जरूर जपा. पुसा, झाका, बॉनेटवर रद्दी ठेवू नका. पण कुठलीही खूण बुजवण्याआधी ती कोणासाठी पडली होती, एवढं विचारा. ते माणूस बहुधा आतल्या खोलीत चहा करत असतं.

ड्रिल घरघरलं. पत्र्याचा कीस उडाला.

"पडलं का भोक?" थोरल्याने विचारलं.

"आधी डोळे उघड," आई म्हणाली.