श्यामकांत सरांचा आवाज

मिरजेचा नकलाकार हणमंत कुराडे बदलापुरात कॉलेजच्या गॅदरिंगला आला, तेव्हा त्याची उतरायची सोय मांजर्लीत वृंदाबाईंकडे केली होती. त्यांचे यजमान श्यामकांत सर त्याच कॉलेजात शिकवायचे. ते वारले आणि बाई एकट्याच उरल्या.

हणमंताच्या गुरूनं त्याला बजावलं होतं, दुसऱ्याचा आवाज काढून झाला की लगेच स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाहीतर आलेला पाहुणा मुक्काम ठोकतो.

निघायच्या सकाळी बाई म्हणाल्या, "कुराडे, आमच्या ह्यांचा आवाज काढाल? एकदाच." मग सरांचं खाकरणं, शब्द ओढणं, सगळं त्यांनी करून दाखवलं. हणमंतानं हुबेहूब हाक मारली, "वृंदा, चहा टाकतेस ना?"

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. अशा वेळी स्वतःचं नाव काय घ्यायचं, म्हणून तो गप्प बसला. हाच तो गाढवपणा!

बाई चहा टाकायला आत गेल्या. त्यानं बायकोला फोन लावला, "निघतोय गं."

"ह्यांचा फोन तुमच्याकडे कसा? कोण बोलतंय?"

त्यानं खाकरून आपलं नाव सांगितलं.

"चेष्टा पुरे," ती रडवेली झाली. "ह्यांना फोन द्या आधी."

तेवढ्यात वृंदाबाई चहा घेऊन आल्या. त्यांना कसलंच नवल वाटलेलं दिसलं नाही. "अहो, चष्मा लावा ना," म्हणत त्यांनी कपाटातला चष्मा पदरानं पुसून पुढे केला.

हणमंताला उभ्या जन्मात चष्मा लागला नव्हता. त्यानं तो लावला, तेव्हा कुठे समोरची वृंदा त्याला नीट दिसली.