शेजारी तापला आहे

मी बॅटरीतला एक सेल बोलतोय. बोटाएवढा जीव, पण भीती पोतंभर! हसू नका. माझ्या जागी असतात तर तुमचीही पाचावर धारण बसली असती.

कारखान्यात जन्मलो तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी विजेरीत बसू, सुखानं उजेड देऊ. पण नशिबी आली चाकाच्या खुर्चीची बॅटरी, तीही बाजारात जाणारी नव्हे, परीक्षेला बसणारी. माझ्या शेजारच्या सेलला मुद्दाम तापवून पेटवायचं आणि आग माझ्यापर्यंत पोचते का ते बघायचं. आमच्या दोघांत एक पातळ पडदा आहे. त्यानं आग अडवली तर बॅटरी पास, मी पेटलो तर नापास. म्हणजे परीक्षा पडद्याची आणि जीव माझा!

सकाळी चाचणीवाल्या ताई आम्हाला चार्ज करत होत्या. निम्मं पोट भरलं, तोच साहेब आले.

"बास की आता! अर्ध्या चार्जवरच घ्या. पास होऊन जाईल."

म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला! अर्धपोटी सेल सहसा पेट घेत नाही.

"अहो साहेब, घरी लोक पूर्ण चार्ज करतात," ताई म्हणाल्या. "खुर्ची पलंगाला लावून झोपतात."

"मला कळत नाही का?" साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "आई रोज विचारते हो, खुर्ची कधी आणतोस. पडल्यापासून ती खिडकीपर्यंतसुद्धा गेलेली नाही."

ताईंनी चार्जरची तार हातात घेतली. मग म्हणाल्या, "ह्या खुर्चीत त्याच बसणार ना? मग पूर्णच भरते."

अहो नको! मी मनातल्या मनात ओरडलो. साहेब तोंड फिरवून म्हणाले, "भरा."

मला काठोकाठ भरलं. अंगाला तापमान मोजायची तार चिकटवली, लोखंडी पेटीत ठेवून दार लावलं. जाड काचेपलीकडे ताई उभ्या आहेत. साहेब नखं खातायत.

शेजारी फुगलाय, फुसफुसतोय. "बाबा रे, दम धर," असं मी त्याला सारखं सांगतोय, पण तो कुठला ऐकतोय! गेला! भडकला! आई गं, केवढी ही धग! मला मरायचं नाही हो. पण पडदा करपत चाललाय, त्याला भोक पडलंय आणि आता मीही फुगायला लागलोय.

साहेब, डोळे मिटू नका. मी इथे पेटलो ते बरं, आईंच्या पलंगाशी नको. त्यांना सांगा, खुर्चीला अजून वेळ लागेल.