साडेतीनशेचं गाऱ्हाणं

"बाबा, आता समोरनं बाजूला व्हाल का?" श्रुतिका म्हणाली.

दादू परब बाजूला झाला नाही. एक तर त्याला ऐकू आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी तो झाला नसता. जोगेश्वरी पूर्वेला आपल्या बिल्डिंगच्या आवारात, आपल्या जुन्या मोटारसायकलच्या, आरडी साडेतीनशेच्या पुढच्या चाकाला गुडघे लावून तो उभा होता. सीटवर त्याची एकुलती एक मुलगी, हेल्मेट-हातमोजे घालून.

"बाबा! आरेपर्यंत जाऊन येते फक्त!" ती ओरडली.

"हां, हां. पुढचो ब्रेक मारून दाखय."

तिने पुन्हा मारून दाखवला. सकाळपासून हेच चाललं होतं.

ही गाडी कुणी साधी समजू नये. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, आणि ब्रेक म्हणाल तर देवाच्या भरवशावर. सुरुवातीला गायीसारखी चालते, पण पीळ जरा जास्त दिला की अंगात आल्यासारखी सुटते आणि पुढचं चाक जमीन सोडतं. दादूच्या बायकोच्या, प्रेमाच्या भावाने त्यांच्या लग्नातच हौस म्हणून ती मागितली आणि वऱ्हाड जेवत असताना तो मांडवाच्या खांबावर होता. शिकलेसवरलेले लोकसुद्धा हिच्यापायी प्लास्टरात गेले. खुद्द दादूच्या खांद्यात सळी आहे. प्रेमा तर लग्न झाल्यापासून गाडीला 'सवत' म्हणते आणि आजवर एकदाही तिच्यावर बसलेली नाही.

पण दादूचं पोट याच सवतीने भरलं. तेव्हा सिनेमाची एकच प्रिंट दोन थेटरांत चालवत. अंधेरीत एक रीळ संपलं की त्याचा डबा मागच्या सीटला बांधून तिथलं चालू रीळ संपायच्या आत मालाडला पोचवायचं, हे दादूचं काम. उशीर झाला की पडदा पांढरा आणि पब्लिक खुर्च्या फाडायला मोकळं. दादूने त्या पब्लिकला कधी पांढरा पडदा बघू दिला नाही. खांदा मोडला त्या दिवशीही डबा आधी मालाडला पोचला आणि दादू मागाहून हॉस्पिटलात. एवढी धावपळ केली, पण एकही सिनेमा त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला नाही.

पुढे रिळं गेली, थेटरं गेली, दादू एका लॅबचे रक्ताचे नमुने पोचवू लागला. गाडी तीच. मग त्या गाडीच्या आवाजानेच त्याचे कान खाल्ले, ऐकू येईनासं झालं. गेल्या वर्षी हायवेवर मागून बस हॉर्न मारत आली आणि दादूला ती शेजारी आल्यावर दिसली. तो घरी आला, चावी देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाला, "झाला माझा." कुणी अडवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी तो गाडी पुसायचा आणि पुसून झाली की तिच्याकडे पाठ करून बसायचा. प्रेमाला ते बघवत नसे.

श्रुतिकाने चावी मागितली तेव्हा तो महिनोन्‌महिने नाही म्हणाला. गाडी सडेल याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि पोरगी पडेल या कल्पनेने त्याचा जीव जात होता. शेवटी काल रात्री जेवताना तो भाताकडे बघत म्हणाला होता, "घेऊन जा. पण सावकाश."

आज श्रुतिकाने किक मारली. पहिल्याच किकला गाडी चालू झाली आणि आवारात निळा धूर पसरला. आता तरी हा माणूस हटेल असं तिला वाटलं. दादूने खिशातून विडा काढला, टाकीवर ठेवला आणि हात जोडले.

परबांच्या घरात गाऱ्हाण्याशिवाय, म्हणजे देवाला साकडं घातल्याशिवाय पान हलत नाही. श्रुतिकाच्या नोकरीच्या मुलाखतीला गाऱ्हाणं झालं होतं, नव्या फ्रीजलाही झालं होतं.

"बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा!" दादूने आवाज लावला. "आज माझा ह्या चेडू गाडयेर बसान जातासा, तेचो सांभाळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जिन्यातून प्रेमा म्हणाली. हेल्मेटच्या आतून श्रुतिकानेही म्हटलं.

"रस्त्यार खड्डो असात, तो बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात जे नाव घेऊन सांगितलं नाही त्याला देव बांधील नाही, अशी दादूची समजूत. म्हणून तो काही सोडायला तयार नव्हता. रिक्षावाले झाले, डंपर झाले, कुत्री झाली, मेट्रोचे खांब झाले. गाऱ्हाणं सांडलेल्या ऑइलपाशी पोचलं आणि गाडी खोकली, दोनदा हिसडली आणि बंद पडली.

"वाट लागली," श्रुतिका म्हणाली. "प्लग ओले झाले, बाबा."

दादूचं तोंड बघण्यासारखं झालं. ही गाडी उभ्या उभ्या चालू ठेवायची नाही, प्लग तेलाने ओले होतात, हे त्याने अंधेरी ते मालाड प्रत्येक पोराला शिव्या घालून शिकवलेलं. आणि आज त्यानेच देवाशी बोलता बोलता गाडी बुडवली.

तो पाना घ्यायला वाकला, तोवर श्रुतिका खाली उतरलीही होती. तिने दोन्ही प्लग काढले, पुसले, पॉलिश पेपरने घासले आणि परत बसवले. आधी नुसत्या बोटांनी, आटे वाकडे जाऊ नयेत म्हणून, आणि मग पान्याने. दादूचा पुढे गेलेला हात हवेतच राहिला.

"कोणी शिकयल्यान?" त्याने विचारलं.

ती त्याच्या कानाशी आली. "तुम्हीच. मी गॅलरीतून बघायचे ना रोज."

दादूला भरून आलं. ते लपवायला त्याने उगाच चाक दाबून हवा बघितली.

गाडी पुन्हा चालू झाली. "गाऱ्हाणं पुरं करायचंय?" श्रुतिकाने हात जोडून खुणेने विचारलं.

"नको. परत प्लग ओले होतले," दादू म्हणाला. "बाकीचा तेका ठाऊक असा." आणि तो बाजूला झाला.

श्रुतिका फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. दादू कान देऊन उभा राहिला. पूर्वी गाडी दोन गल्ल्या पलीकडे असली तरी त्याला कितवा गिअर आहे ते सांगता यायचं. आता त्याने कानातल्या मशीनचा आवाज वर केला, खाली केला. नुसती शिट्टी वाजली.

"दुसरो पडलो," शेजारून प्रेमा म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळलंच नव्हतं. तिने डोळे मिटले होते.

"काय?"

प्रेमाने दोन बोटं दाखवली. मग थोड्या वेळाने तीन.

दादू बघतच राहिला. "तुका गे काय कळता गिअराचा?"

"इतकी वर्सां तुमची वाट बघीत होतंय ती कशार?" डोळे न उघडता प्रेमा त्याच्या कानात म्हणाली. "हायवेक लागलास की माका हंयसून कळायचा. मगच भात टाकी."

दादूने कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि चार बोटं तिच्यासमोर धरली. पडला का?

प्रेमाने मान हलवली. अजून नाही. आणि पोरीला तुमच्यासारखी घाई नाही, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलली. दादूने ते तिच्या ओठांवरून ओळखलं आणि गाडी आरेला पोचेपर्यंत तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.