तांबडा दोरा

ज्या वर्षी माक फुक-लोई यांची नात सौ-युन एक महिन्याची झाली आणि त्यांनी कौलूनच्या आपल्या गल्लीत घरोघर तांबडी अंडी वाटली, चिनी पंचांगातल्या त्याच उंदराच्या वर्षी मी त्यांच्या हाती आले. अंड्यांचा रंग अजून त्यांच्या नखांत होता. त्या बोटांनी त्यांनी मला पहिल्यांदा उचलले.

मित्रांनो, मी एक जुने सहा गोळ्यांचे पिस्तूल आहे. अस्सल पोलादाचे. दूरदेशीच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि हाँगकाँगला मी परवान्यावर आले, ते चित्रपटांत काम करायला. माक चित्रपटांना शस्त्रे पुरवीत. सगळे त्यांना सिफू म्हणत, म्हणजे उस्ताद. माझ्यात ते बिनगोळीची काडतुसे भरीत. शिसे नाही, नुसती दारू. तिचा जाळ पडद्यावर छान दिसे. पण लक्षात ठेवा, माझे तोंड कोणाच्या अंगाला टेकलेले असेल तर नुसती दारूही जीव घेते.

म्हणून सिफूंनी माझ्या चार नकला जस्तात ओतल्या होत्या. त्यांची नळी आतून बुजवलेली, चाप ओढला की नुसती कट् वाजणारी. वजन माझ्याइतकेच, काळेपण माझ्याइतकेच. सिफूंना त्यांचा फार अभिमान होता. आम्हाला टेबलावर शेजारी ठेवले तर कोण खरे आणि कोण खोटे हे कोणालाच सांगता येत नसे.

सिफूंना मात्र येई. ते जेवणाच्या काडीने प्रत्येकाला टिचकी मारीत. पोलाद टणकन बोले, जस्त थप् करी. कोणाच्याही हाती पिस्तूल देण्यापूर्वी हे होणारच.

त्यांचा जावई, सौ-युनचा बाप येउंग पाक-हो, चित्रपटांत मार खायचे, पडायचे, जिन्यावरून गडगडायचे काम करी. तो हसे. "सासरेबुवा, पिस्तूल शिजलंय का बघताय?"

"तुझं डोकं वाजवून बघतो, ये इकडे," सिफू म्हणत. "आतून जस्तच निघणार."

दुसरी खूण होती तांबड्या दोऱ्याची. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी भाजलेले डुक्कर, फळे आणि उदबत्त्या मांडून देवाला हात जोडत. आम्हा शस्त्रांनाही तिथे ठेवत. पूजेतला तांबडा दोरा सिफू माझ्या मुठीला बांधत. दोरा असेल ते खरे, नसेल ते खोटे. पाच वर्षे मी असे काम केले. सिफू मला रोज तेल देत. मी सुखात होते.

मग ती थंडी आली. चित्रपटाचा नायक को सिउ-लुन एकाच वेळी तीन चित्रपटांत होता आणि चार वाजता त्याला दुसरीकडे जायचे होते. दिग्दर्शकाच्या हातातले घड्याळ खाली येत नव्हते. नायकाने माझ्यातून आकाशात बार काढला.

"थांबा! दोरा दिसतोय!" दिग्दर्शक ओरडला. "काढ तो, पुन्हा घेऊ."

सिफू त्या वेळी गाडीपाशी बंदुका भरत होते. नायकानेच दोरा सोडला. आता पूजेतला दोरा जमिनीवर कसा टाकायचा? अपशकुन होईल. त्याने तो भक्तिभावाने कपाळाला लावला आणि शेजारच्या पिस्तुलाला बांधला. ते पिस्तूल माझी नक्कल होते. पुन्हा एक बार काढून त्याने मला तिच्याशेजारी ठेवले. माझ्या पोटात अजून चार काडतुसे होती.

पुढच्या दृश्यात नायक पाक-होच्या मानेला पिस्तूल टेकवणार, चाप ओढणार, आणि नुसती कट् वाजणार. लोकांनी त्यावर हसायचे होते. सिफू धावत आले.

"सिफू, आज काडी नको! तो चाललाय बघा!" दिग्दर्शकाने घाई केली.

"एक टिचकी मारतो."

"तुमच्या टिचकीपायी माझा दिवस बुडेल!"

सिफूंनी दोरा पाहिला. दोरावाले बाजूला सारले आणि मला उचलले. माझी नळी अजून गरम होती, पण थंडीमुळे त्यांनी हातमोजे घातले होते. मित्रांनो, मी मनातल्या मनात किती आक्रोश केला! मी आहे, मी! मला वाजवा! पण मला एकच शब्द येतो, आणि नेमका तोच मला उच्चारायचा नव्हता.

पाक-हो गुडघ्यावर बसला. "सिउ-लुनदादा, हळू टेकव हं, गुदगुल्या होतात," तो म्हणाला.

तिकडे सिफू टेबलापाशी उभे होते. राहवेना म्हणून त्यांनी काडी काढली आणि दोरावाल्याला टिचकी मारली.

थप्.

"थांबवा!" सिफू धावले. "ते खरं आहे! थांबवा!"

पण आमच्याकडे आवाज मागाहून भरत. चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक ओरडे, सुतार खिळे ठोकीत, कोणी हाका मारी. शांत राहायची सवय कोणालाच नव्हती. एका म्हाताऱ्याचे ओरडणे त्या गोंगाटात बुडून गेले. नायकाचे बोट चापावर वळू लागले. मी माझे काडतुसांचे चक्र अडवून धरायचा प्रयत्न केला, पण सकाळीच सिफूंनी मला तेल दिले होते. मी अगदी अलगद फिरले.

चौकशीत सिफूंनी दोऱ्याला दोष दिला नाही, नायकालाही नाही. "मी वाजवून पाहिलं नाही," एवढेच ते म्हणाले. त्यांनी परवाना परत केला आणि माझी नळी शिशाने बुजवून टाकली. आता मीही थप् वाजते.

तो चित्रपट पाक-होच्या जागी दुसऱ्या माणसाला बसवून पूर्ण झाला. दोरा दिसणारा पहिला बारच त्यात राहिला. आज मी एका लहानशा प्रदर्शनात काचेच्या पेटीत आहे. चित्रपट थांबवून थांबवून त्यातली शस्त्रे ओळखणारी हौशी पोरे इथे येतात. माझे घराणे, नळीची लांबी, सगळे त्यांना पाठ असते.

परवा एक जण म्हणाला, "आकाशातला बार अस्सलचा, मानेजवळची नक्कल. आणि गंमत बघ, आधी मुठीला दोरा आहे, मग गायब! चूक पकडली की नाही?"

दोघे खूप हसले. त्यांच्यामागे एक बाई उभी होती. ती हसली नाही. तिने काचेवर नखाने एकदा टिचकी मारली आणि ऐकत राहिली. नखे सिफूंसारखी रुंद होती. मी सौ-युनला ओळखले.

मित्रांनो, मला ओळखता, तसे पाक-होलाही ओळखा. आणि कोणी कितीही घाई केली, तरी हातची टिचकी सोडू नका.

येउंग पाक-हो सर्पाच्या वर्षी, बाराव्या महिन्यात, त्या दुपारनंतरच्या तिसऱ्या सकाळी इस्पितळात वारला. त्याचे वय एकतीस होते. माक सिफू त्यानंतर नऊ वर्षांनी वारले.