ओ कुणी दिली

"हाक मारली, ओ आली, काम झालं. आता तरी सही करा, खुसपटताई," प्रोग्रामर म्हणाला.

तिचं हे नाव ऑफिसात कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ती त्यावर मनापासून खूश होती. दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासून खुसपटं काढण्याचाच पगार मिळतो म्हटल्यावर राग कशाचा? ही नवी सिस्टिम एका हॉस्पिटलसाठी होती. वॉर्डातल्या नर्सने वेबपेजवर बटण दाबायचं, की तिच्या कॉम्प्युटरने औषधभांडाराच्या कॉम्प्युटरला हाक मारायची: अमुक औषध अमुक खाटेकडे पाठव. तिकडून ओ आली की नर्स निश्चिंत. सोमवारी हे सुरू व्हायचं होतं आणि राहिली होती ती फक्त हिची सही.

"थांब, एक हाक माझ्या मनाची मारते," म्हणत तिने औषधाच्या जागी टाइप केलं: सशाची शिंगं. खाट: छतावरची.

पडद्यावर लगेच हिरव्या अक्षरांत उत्तर आलं. झालं.

प्रोग्रामरचा चेहरा पडला. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की भांडाराचा कॉम्प्युटर कामात अडकला की मधला प्रोग्रामच त्याच्या वतीने ओ देऊन मोकळा होत होता.

"नर्स ताटकळू नये म्हणून केलं हो ताई."

"मन चांगलंच आहे रे तुझं. पण घरात कुणी नसताना शेजाऱ्याने ओ दिली, तर दार कोण उघडणार? ऐकू आलं नाही तर तसं सांगू दे त्याला. नर्स पुन्हा हाक मारेल, नाहीतर स्वतः धावत जाईल. औषध आलंय असं समजून बसून तर राहणार नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि सोमवार पुढे ढकलला. ही मात्र ताठ मानेने घरी आली. असा दिवस रोज थोडाच येतो?

"आई, चहा ठेवते गं," तिने स्वयंपाकघरातून आवाज दिला.

"हो गं," आतल्या खोलीतून आईची ओ आली.

चहाचं भांडं तिच्या हातातच राहिलं. जन्मभर मिठापासून पडद्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी ही बाई वर्षभर नुसती हो म्हणत होती. आई आता निवळलीय, असं हिनेच भावाला कौतुकाने सांगितलं होतं.

"आई, पडदे काळे करून टाकू?"

"हो गं."

पुढचं विचारावंसं वाटत नव्हतं, तरी तिने विचारलं. "आई, तुला माळ्यावर ठेवून देऊ?"

"चालेल की."

ऑफिसात याच युक्तीने तिने बाजी मारली होती. इथे तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. ती आत गेली. आई खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. लेकीचा चेहरा बघताच तिला काय ते कळलं.

"कधीपासून?" लेकीने समोर येऊन सावकाश विचारलं.

"मागच्या थंडीपासून असेल. आवाज येतो गं, शब्द येत नाहीत." हातातला घडी घातलेला टॉवेल आईने उगाचच उलगडला. "तू दमूनभागून येतेस. तुला दोनदोनदा हाका कशाला मारायला लावू? म्हणून हो म्हणते. भांडायचं तेवढं राहून गेलं बघ."

लेकीला रडू आलं. डोळे पुसून तिने स्टूल ओढून घेतलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."

आईच्या ओठांवर सवयीने हो आलं. ते तिने गिळलं.

"काय म्हणालीस?" तिने विचारलं. "ऐकू नाही आलं मला."

लेकीने स्टूल आणखी जवळ ओढलं.