एनिडमावशीची चौदा अंडी

"त्या अंड्यांना हात लावलास तर झाऱ्यानं बोटं शेकीन तुझी," एनिडमावशी म्हणाली.

कोठीवाल्या टिलटसनने हात मागे घेतला. सकाळचे दहा वाजले होते, खिडकीबाहेर धुकं इतकं दाट की समोरचं बीटाचं शेतही दिसत नव्हतं. टिलटसन नियमाने आला होता. उरलेली अंडी सकाळीच कोठीत परत जायला हवीत, असा हवाई तळाचा नियम होता आणि नियम म्हटला की टिलटसनच्या अंगात यायचं.

आदल्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या आमच्या तळावरून सोळा विमानं जर्मनीवर बाँब टाकायला गेली होती. प्रत्येकात सात जण. परत येणाऱ्या प्रत्येकाला एक तळलेलं अंडं आणि बेकन मिळायचं, म्हणून जितके गेले तितकी अंडी आम्ही आधीच कोठीतून काढून मोठ्या निळ्या भांड्यात ठेवायचो. युद्धाचं पाचवं वर्ष होतं. गावातल्या माणसाला आठवड्याला एक अंडं मिळायचं, तेही नशिबात असलं तर. पहाटे चौदा विमानं उतरली आणि भांड्यात चौदा अंडी उरली. आमच्या तळावर बातमी कुणाला विचारावी लागत नसे, भांड्यात डोकावलं की कळायचं.

"दोन विमानं आलेली नाहीत. आता कुठून येणार?" टिलटसन म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत ती अंडी त्यांची आहेत. ज्याची आहेत तो मागायला आला तर काय तुझं तोंड तळून देऊ?"

मी बटाटे सोलता सोलता हसले, तर तिने माझ्यावरही डोळे वटारले. मी ग्वेन, तेव्हा वीस वर्षांची, शेफील्डच्या सुऱ्यांच्या कारखान्यातून सैन्याच्या स्वयंपाकघरात आलेली. माझ्या जिभेला धार होती, पण एनिडमावशीपुढे ती चालत नसे. ती चाळिशी उलटलेली, ग्रिम्सबी बंदरावर मासे तळायचं दुकान चालवलेली बाई. नवरा मासेमारीच्या बोटीवर होता, आता तीच बोट समुद्रातले सुरुंग काढत फिरायची. वाट बघायची सवय तिला लग्नापासूनची होती. पोरं तिला मावशी म्हणायची आणि ती त्यांना गाढव, टोणगा, आळशी, काय वाटेल ते म्हणायची. ज्याला शिवी मिळाली नाही त्याला वाईट वाटायचं.

त्या सकाळी तिचा जीव कशात अडकला होता ते मला माहीत होतं. न आलेल्या दोन विमानांपैकी एक ऑर्मरॉडचं होतं आणि ती त्याची तिसावी फेरी होती.

तीस फेऱ्या झाल्या की माणूस सुटला. सहा महिने तरी त्याला कुणी जर्मनीवर पाठवत नसे. एनिडमावशी आली त्याला सात महिने झाले होते आणि तिच्या समोर एकाही विमानातल्या मंडळींच्या तीस पुऱ्या झाल्या नव्हत्या. आल्या आल्या तिने मेसमध्ये जाहीर करून टाकलं होतं की जे पहिले तीस पुरे करतील त्यांना ती केक करून घालेल, खरा, अंड्यांचा. अंड्यांच्या भुकटीचा केक करण्यापेक्षा मी साबण भाजून वाढीन, असंही वर म्हणाली होती. त्या दिवसापासून ती चहात साखर घेत नव्हती. वाट्याला आलेला चमचा एका बरणीत टाकायची. मी तिला वेडी म्हणायचे आणि माझ्या चहात माझा चमचा ढवळून ढवळून प्यायचे. ती बरणी आधी एकाच्या नावाची झाली, मग दुसऱ्याच्या. बाविसाव्या फेरीला एक गेले, सत्ताविसाव्याला दुसरे. बरणी भरत गेली, नावं बदलत गेली. आता ती ऑर्मरॉडच्या नावाची होती आणि काठोकाठ भरली होती.

क्लिफर्ड ऑर्मरॉड वैमानिक, लँकेशरचा, बावीस वर्षांचा, बोलायला कंजूष. त्याच्या वाटचं सगळं बोलणं त्याच्या विमानाच्या शेपटात बंदुकीपाशी बसणारा गनर पेनहॅलो बोलायचा. पेनहॅलो कॉर्नवॉलचा, एवढासा होता, पण खाणं दोघांचं. निघायच्या आधी जेवताना आमच्याकडे एक ठरलेला प्रश्न असायचा. सगळे विचारायचे, सगळे हसायचे, आणि न विचारणं अपशकुनाचं समजायचे. काल तो प्रश्न पेनहॅलोने शेजारच्या टेबलावरच्या स्टॅनिफोर्थला विचारला. स्टॅनिफोर्थ आणि त्याची पोरं नवीन, त्यांची तिसरीच फेरी.

"काय रे, तुम्ही नाही आलात तर तुमची अंडी मी खाल्ली तर चालेल ना?"

"खा की," स्टॅनिफोर्थ म्हणाला. "पण सातही खायची हं. टाकलेलं मला आवडत नाही."

मेस हसून लोटपोट झाली. एनिडमावशीने पेनहॅलोच्या डोक्यात टपली मारली. आणि सकाळी बघतो तर न आलेलं दुसरं विमान स्टॅनिफोर्थचं होतं.

अकरा वाजता सामान आवरणारे आले. न आलेल्या माणसाचं सामान ताबडतोब बांधून घरी पाठवायची पद्धत होती, म्हणजे नव्या माणसाला रिकामी खाट मिळे आणि कपाटावर कुणाचा फोटो बघायला लागत नसे. शहाणपणाची पद्धत असेल, पण मला तिचा संताप यायचा. दाढीचे ब्रश, पत्रं, पेनहॅलोची ती भयंकर पिवळी विजार, सगळं खोक्यांत गेलं. बारा वाजता नवी पोरं आली आणि त्या खाटांवर आडवीही झाली. मी हे सगळं एनिडमावशीला सांगितलं. ती म्हणाली, "बटाटे जाड सोलतेयस," आणि भांड्यावर ओला पंचा टाकून अंडी झाकून ठेवली.

दीडच्या सुमाराला धुक्यातून एक लॉरी आली. आधी आवाज आला, मग दिवे, मग लॉरीच्या मागे उभं राहून गाणारा पेनहॅलो. गाणं अश्लील होतं आणि सूर त्याहून वाईट होता. मी सुरी टाकून बाहेर पळाले. सात होते, मी दोनदा मोजले. पेट्रोल संपत आलेलं, खाली धुकं, म्हणून समुद्रकाठच्या एका तळावर उतरले होते. तिथे अशी चाळीस विमानं गोळा झालेली आणि फोनपाशी ही रांग. रांगेत उभं राहण्यापेक्षा लॉरी मिळाली तीत चढलो, असं ऑर्मरॉड म्हणाला. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

एनिडमावशी दारात उभी होती. मला वाटलं आता ही रडणार.

"उशीर झालाय," ती म्हणाली. "हात धुवा. टोणग्यांनो, तो चिखल माझ्या फरशीवर आणाल तर याद राखा." मग चुलीकडे वळली आणि पाठ करून बराच वेळ तवा पुसत राहिली. तवा स्वच्छच होता.

काय जेवले ते त्या दिवशी. सात अंडी तळली, बेकन तळलं, तव्यातल्या चरबीत पाव परतले. पेनहॅलो मध्येच उठून कपडे बदलायला गेला आणि ओरडतच परत आला. त्याच्या खाटेवर कुणीतरी तंगड्या पसरून घोरत होता आणि त्याची पिवळी विजार त्याच्या आईकडे निघाली होती. तिला काय वाटेल, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "सुटले म्हणेल," ऑर्मरॉड म्हणाला, आणि मी हसता हसता खाली बसले.

तेवढ्यात टिलटसन आला. भांड्यात सातच राहिली ना, मग द्या, म्हणाला. हसणं थांबलं. एनिडमावशीने पेनहॅलोकडे पाहिलं. विमानाच्या शेपटात बसून मागचं सगळं बघायचं काम त्याचं होतं.

"स्टॅनिफोर्थ?" तिने विचारलं.

"हॉलंडच्या किनाऱ्यापाशी," पेनहॅलो म्हणाला. "आमच्या मागेच होता. पंख पेटला. मी बघत होतो मावशी, शेवटपर्यंत बघत होतो. एकही हवाई छत्री उघडली नाही."

टिलटसनने टोपी काढली. मग एनिडमावशीने कपाटातली साखरेची बरणी काढून टेबलावर ठेवली. शेजारी ते निळं भांडं ठेवलं.

"ही नाही कोठीत जायची," ती टिलटसनला म्हणाली. "ही पेनहॅलोला दिलेली आहेत. सगळ्या मेससमोर."

पेनहॅलोने भांडं मागे सरकवलं. "मावशी, ती थट्टा होती. मला नाही जाणार घशाखाली."

"थट्टा होती हे मलाही कळतं. पण टाकलेलं आवडत नाही म्हणाला तो, ते थट्टेत नव्हतं. तुला एकट्याला खायला सांगतेय कोण? मी सात महिने बिनसाखरेचा चहा पितेय, मला केक करायचाय. आणि केकला अंडी लागतात."

टिलटसन थोडा वेळ टोपी फिरवत उभा राहिला. मग म्हणाला की अंडी फुटलेली निघाली, असं तो लिहील. जाता जाता त्याने विचारलं, लोणी किती आहे? आणि अर्ध्या तासाने कागदात गुंडाळलेला एक गोळा आणून दिला. त्या दिवसापासून मी टिलटसनला नावं ठेवणं बंद केलं, निदान त्याच्या पाठीमागे.

अंडी मी फोडली. आयुष्यात मी पुष्कळ अंडी फोडली, पण इतकी जपून नाही. पेनहॅलो बाह्या सरसावून घोटायला बसला आणि घोटता घोटता पुन्हा गायला लागला, आधी हळू, मग मोठ्याने. बाकीचे सहाही स्वयंपाकघरात घुसले आणि बेदाणे चोरताना मार खात राहिले. भट्टीचं दार उघडलं तेव्हा असा वास सुटला की सबंध तळ नाक वर करून दाराशी आला. एनिडमावशीने झारा दाखवून सगळ्यांना हाकललं.

तिने केकचे चौदा तुकडे केले, अगदी सारखे. सात ऑर्मरॉडच्या पोरांना दिले. त्यांनी उभ्या उभ्या खाल्ले, खाताना तिच्या गालाचे मुके घेतले, आणि ऑर्मरॉडने, त्या मुखदुर्बळ माणसाने, तिला धरून चुलीभोवती एक गिरकी घेतली. ती शिव्या देत होती आणि गिरक्या घेत होती. तिला तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

उरलेले सात तुकडे तिने ताटात ठेवले, पंचा झाकला आणि मला म्हणाली, चल.

आम्ही धुक्यातून धावपट्टीच्या टोकाला गेलो. स्टॅनिफोर्थचं विमान जिथे उभं राहायचं तो सिमेंटचा गोल रिकामा होता. त्याचे मेकॅनिक तिथेच होते, सातजण, पहाटेपासून. विमान आल्यावर चाकांना लावायचे लाकडी ठोकळे त्यांनी जागेवर मांडून ठेवले होते. ऑर्मरॉडची लॉरी आल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि म्हणून त्यांनी आशा सोडली नव्हती. त्यांचा मुकादम कॉबोल्ड एनिडमावशीच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने मान हलवली, नाही म्हणून. मग पंचा काढला.

"त्यांच्या अंड्यांचा आहे," ती म्हणाली.

कॉबोल्डने हाताचं तेल विजारीला नीट पुसलं, दोन्ही हात, बोटं सुद्धा. मग एक तुकडा उचलला. सगळ्यांनी खाल्ला, हळूहळू, एक कण न सांडता. खाऊन झाल्यावर कॉबोल्ड म्हणाला, "चांगला झालाय," आणि वाकून एक ठोकळा उचलला. मग बाकीच्यांनीही उचलायला सुरुवात केली.

परत आलो तेव्हा मेसमध्ये पेनहॅलो टेबलावर चढून गात होता आणि त्याची खाट बळकावणारं ते नवं पोर झोपाळलेल्या डोळ्यांनी टाळ्या वाजवत होतं. एनिडमावशीने त्याला विचारलं, कितवी फेरी? उद्या पहिली, तो म्हणाला. गाढवासारखा दात काय काढतोस, जेवून घे, असं ती त्याला म्हणाली आणि आत आली.

मी चहा ओतला. तिने आपला साखरेचा चमचा उचलला, रिकाम्या बरणीत टाकला आणि बिनसाखरेचा चहा घेऊन बसली. मी माझ्या कपाकडे बघितलं. मग माझाही चमचा त्याच बरणीत टाकला.