पन्नास मिनिटांचं विमान

कर्करोग शोधण्याच्या स्कॅनआधी टोचायचं ते किरणोत्सारी औषध दर एकशे दहा मिनिटांनी निम्मं होतं. कुणासाठी थांबत नाही. म्हणून केमिस्टबाई पोहोचायची वेळ विचारून, वाटेत संपेल तेवढं जादा धरूनच शिशाच्या डब्यातली कुपी भरायच्या. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात डबा ड्रायव्हरकाका गाडीनं न्यायचे. तीनशे किलोमीटर, सव्वाचार तास.

नव्या साहेबांना ते पटलं नाही.

"विमान पन्नास मिनिटांत जातं. इकडची तिकडची गाडी धरून दोन तास. दोन तासांच्या हिशेबानं भरा. उगाच रस्त्यात औषध वाया घालवताय."

"विमानतळापर्यंत चाळीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "डबा दोन तास आधी द्यावा लागतो. तिकडे सोडवायला एक तास, पुढे इस्पितळापर्यंत चाळीस मिनिटं. उड्डाण धरून पाच तास दहा मिनिटं होतात."

"बाई, तुम्ही केमिस्ट आहात. पायलट नाही."

"तुम्ही फक्त हवेतला वेळ मोजताय. औषध जमिनीवरही मरतं."

"मला शिकवू नका! भरा आणि सही करा."

बाईंनी सांगितलं तेवढंच भरलं. लेबल मात्र साहेबांपुढे सरकवलं. "सही तुमची."

साहेबांनी कागद फाटेल इतक्या जोरात सही ठोकली. दाराशी उभे असलेले काका पुटपुटले, "चला, आज मला सुट्टी." साडेसहाला डबा निघाला.

पावणेबाराला फोन वाजला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. विमानाचं कौतुक ऐकायचं होतं.

"डबा आत्ता आला," तिकडच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या. "माझे तीन पेशंट रात्रीपासून उपाशी आहेत आणि यात जेमतेम एकापुरतं आहे!"

"आमच्या केमिस्टबाईंनी कमी भरलं असणार," साहेब म्हणाले. बाईंकडे बघितलंसुद्धा नाही.

"डॉक्टर," बाई फोनजवळ गेल्या, "लेबलवरची पोहोचायची वेळ वाचा. आणि सही."

कागदाचा आवाज आला.

"साडेआठ," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "सही साहेबांची. मग साहेब, आता तुम्हीच सांगा, कोणत्या दोघांना घरी पाठवू? बाहेर बाकावर बसलेत, त्यांना फोन देते."

साहेबांनी फोन बंद केला.

"झालं समाधान?" ते दातओठ खात म्हणाले. "मुद्दाम केलंत तुम्ही. माझं नाक कापायला."

कमी पडणार हे पहाटेपासून बाईंना ठाऊक होतं. तरी सही दुसऱ्याची म्हणून कुपी बंद केली होती.

"उद्या मी सव्वाचार तासांचं भरणार," त्या म्हणाल्या. "काका नेतील."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मग भरायलाही तुम्हीच या."

त्यांनी शिशाच्या कपाटाची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब किल्लीकडे बघत राहिले. हात लावला नाही.